सेटर बदलताना

गणपती-महालक्ष्म्या उरकल्या की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेध लागतात आणि छत्रपती संभाजीनगरातल्या कॉलेजांच्या मैदानांवर संध्याकाळी पुन्हा जाग येते. मी शिकवतो अर्थशास्त्र. पण कॉलेजात क्रीडा संचालक एकच असतो आणि संघ बरेच. तेव्हा व्हॉलीबॉलच्या पोरांबरोबर व्यवस्थापक म्हणून कुणीतरी जायचं, ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. काम साधं आहे. पात्रता फॉर्मवर प्राचार्यांची सही घ्यायची, ओळखपत्रं आणि गुणपत्रिकांच्या प्रती सांभाळायच्या, भत्त्याचा हिशोब ठेवायचा आणि सामना सुरू झाला की बाकावर गप्प बसायचं. या गप्प बसण्यामुळे एक गोष्ट मला खेळणाऱ्यांपेक्षा आणि शिकवणाऱ्यांपेक्षाही जास्त जवळून पाहायला मिळाली. ती म्हणजे माझ्या शेजारी बसलेला, कालपर्यंत संघात असलेला खेळाडू.

व्हॉलीबॉलमध्ये तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे पाठवायचा असतो. पहिला स्पर्श बचावाचा, तिसरा हल्ल्याचा. मधला बहुतेक वेळा एकाच माणसाचा, सेटरचा. टाळ्या पडतात तिसऱ्या स्पर्शाला, पण चेंडू कुणाला द्यायचा, किती उंच द्यायचा, जाळीपासून किती लांब ठेवायचा हे सगळं दुसऱ्या स्पर्शात ठरून गेलेलं असतं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा जो खेळाडू असतो, त्याचं काम याच जातीचं. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. जिंकल्यावर पहिलं नाव त्याचं निघतं आणि हरल्यावरही त्याचंच. आपल्या क्रिकेटमध्ये अशी जागा कर्णधाराची. चेंडू त्याच्या हाती असो-नसो, डाव त्याच्या डोक्यातून जातो. अशा जागेवरचा माणूस बदलायचा, आणि तोही परगावच्या अवघड सामन्याच्या तोंडावर, म्हणजे संघाची अख्खी बोलीच रातोरात बदलण्यासारखं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघात हे घडलं. शहरातल्या फेऱ्या जिंकून आम्ही पुढे गेलो होतो आणि पुढचा सामना होता बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात, यजमानांच्याच मैदानावर, यजमानांशीच. आमचा सेटर तिसऱ्या वर्षाचा होता. शहरात वाढलेला, हॉलमध्ये खेळून तयार झालेला. चांगल्या सेटरची एक खूण अशी की चेंडू बोटांतून सुटताना आवाज होत नाही. त्याचा होत नसे. तो चेंडू उंच द्यायचा, आणि तो वर जाऊन स्मॅशरची वाट पाहत थांबल्यासारखा वाटायचा. दुसरा पहिल्या वर्षाचा. पैठण तालुक्यातल्या एका गावातून आलेला, शाळेच्या मातीच्या मैदानावर शिकलेला. हात मोठ्याइतके मऊ नव्हते, कधीकधी पंच दुहेरी स्पर्शाची शिट्टी वाजवायचे. पण त्याचा चेंडू खाली राहायचा आणि लवकर पोचायचा.

निघण्याच्या दोन दिवस आधी आमच्या प्रशिक्षक सरांनी सराव हॉलमधून बाहेर काढला. मागच्या मोकळ्या मैदानावर जाळी बांधली आणि दोघांना आळीपाळीने चेंडू द्यायला लावले. स्वतः जाळीच्या टोकाला एका बाकावर उभे राहिले, डोळे जाळीच्या पट्टीच्या रेषेत. बोलले काहीच नाहीत. संध्याकाळचा वारा होता. मोठ्याचा चेंडू सुंदर वर जायचा आणि उतरताना हातभर सरकायचा. कधी जाळीवर यायचा, कधी स्मॅशरच्या खांद्यामागे पडायचा. धाकट्याच्या चेंडूला वाऱ्यात सापडायला वेळच मिळत नव्हता. यजमानांचं मैदान उघड्यावर, तेही माळाच्या बाजूला, हे सरांना माहीत होतं. त्यांना जे पाहायचं होतं ते त्यांनी पाहिलं.

त्यांनी पुढे जे केलं ते माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. यादी फलकावर लागायच्या आधी त्यांनी मोठ्याला बोलावलं. मी फॉर्म घेऊन तिथेच बसलो होतो. सर म्हणाले, “परवा तो सुरुवात करेल. तू वाईट खेळतोस म्हणून नाही. त्या मैदानावर तुझा चेंडू राहणार नाही, आणि हे मी आज पाहिलंय.” पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मग मी काय करू, सर?” सर म्हणाले, “त्याला आपल्या पोरांची सवय लाव. तुझ्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही.”

एसटीत बसल्यावर मी पाहिलं, दोघं शेजारीशेजारी. अडूळ, पाचोड गेलं, शहागडला गोदावरी ओलांडली, तरी मोठ्याचं चालूच होतं. समोरच्या सीटच्या दांडीला जाळी समजून तो बोटांनी उंची दाखवत होता. चार नंबरवाल्याला चेंडू कपाळापुढे लागतो, डोक्यावर दिलास तर तो आउट मारतो. मधल्याचं मनगट वर गेलेलं दिसलं की सोड, त्याच्या हाकेची वाट बघू नकोस, तो हाक उशिरा देतो. कर्णधार चिडला की त्याला लगेच पुन्हा चेंडू दे, नाहीतर तो सेटभर चिडलेला राहतो. धाकटा “हो दादा, हो दादा” करत ऐकत होता. इतकं बारीक ज्ञान कुठल्याही पुस्तकात नसतं, प्रशिक्षकाकडेही नसतं. ते फक्त त्या जागेवर उभं राहिलेल्याकडे असतं. तो रागावून खिडकीबाहेर बघत बसला असता तर ते सगळं त्याच्याबरोबर खिडकीबाहेर गेलं असतं.

कॉलेजात मात्र तोवर चर्चा सुरू झाली होती. आपल्याकडे संघ बदलला की कारण खेळात शोधायची पद्धत नाही. कोण कुणाच्या जवळचा, कुणाचा मामा कुठल्या संस्थेत, शहरातल्या पोरावर गावाकडच्याला का बसवलं, असे प्रश्न आधी येतात. ते नेहमी खोटे असतात असंही नाही. वशिल्याने झालेल्या निवडी लोकांनी इतक्या पाहिल्यात की सरळ निवडीवरही त्यांचा विश्वास बसत नाही. मोठ्याच्या वडिलांचा मला फोन आला. आवाजात राग नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “सर, पोराचं काय चुकलं?” मी मैदानाचं आणि वाऱ्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. चूक नसताना माणूस बाजूला होतो हे बापाला पटणं कठीणच.

हाच प्रश्न ५० हून अधिक वर्षांपूर्वी अख्ख्या देशाने विचारला होता. १९७१ च्या सुरुवातीला भारताचा क्रिकेट संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर निघायचा होता. कर्णधार होते मन्सूर अली खान पतौडी. त्यांच्या नेतृत्वाखाली १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातली पहिली कसोटी मालिका जिंकली होती. त्यानंतर घरच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाकडून मालिका गमवावी लागली, हेही खरं. निवड समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत अजित वाडेकरांच्या पारड्यात टाकलं. समोर होते गॅरी सोबर्स, आणि वेस्ट इंडीजविरुद्ध भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. पतौडींनी त्या दौऱ्यासाठी आपण उपलब्ध नसल्याचं कळवलं. नव्या कर्णधाराला जुन्याची सोबत मिळाली नाही.

वाडेकरांनी तिथे काय केलं हे पाहण्यासारखं आहे, कारण नवा माणूस जुन्याची नक्कल करायला गेला की दोघंही वाया जातात. फलंदाजीतला आक्रमक वाडेकर कर्णधार म्हणून सावध होता. दिलीप सरदेसाईंना संघात घ्यावं यासाठी त्यांनी आग्रह धरला. मूळचे मडगावचे सरदेसाई तेव्हा निवडकर्त्यांच्या नजरेतून जवळजवळ उतरलेले होते. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत संघ ५ बाद ७५ असा अडकलेला असताना सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. पावसाने पहिला दिवस वाया गेला होता. सामना चार दिवसांचा झाल्याने फॉलोऑनसाठी २०० ऐवजी १५० धावांची आघाडी पुरेशी होती. आघाडी १७० ची झाली आणि वाडेकरांनी शांतपणे सोबर्सना पुन्हा फलंदाजीला यायला सांगितलं. तो सामना अनिर्णित राहिला. पण घरच्या मैदानावर निर्धास्त असलेल्या संघाच्या मनात पहिल्यांदा शंका शिरली ती तिथे, असं मला वाटतं. मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला भारताने ७ गडी राखून सामना जिंकला, पुढे मालिका १-० अशी जिंकली. त्याच मालिकेत पदार्पण केलेल्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडही हरलं.

या यशानंतर सगळ्यांनाच वाटलं की मर्चंट यांचं मत बरोबर होतं. वाटणारच. पण १९७४ मध्ये त्याच वाडेकरांचा संघ इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद झाला, आणि १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून इंदूरला उभारलेल्या बॅटच्या स्मारकाची लोकांनी विटंबना केली. वाडेकरांची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. मग कर्णधार कोण झालं? पतौडी. १९७४-७५ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला तेव्हा तेच पुन्हा नेतृत्व करत होते. निकालांवरून निर्णय तोलायचा म्हटलं तर एकच मत १९७१ मध्ये द्रष्टेपणाचं ठरतं आणि १९७४ मध्ये घोडचूक. निर्णय घेताना मर्चंट यांच्या हाती निकाल नव्हते. त्यांच्या हाती होता तो त्या दिवसाचा अंदाज.

या दोन तारखांच्या मधली एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. १९७२-७३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा पतौडी संघात परतले आणि वाडेकरांच्या हाताखाली खेळले. एका मताने ज्याच्याकडे आपली खुर्ची गेली, त्याने लावलेल्या क्षेत्ररचनेत जाऊन उभे राहिले. हे त्यांना जमलं, कारण खुर्ची कशी येते हे त्यांनी वेगळ्या रीतीने पाहिलेलं होतं. १९६२ च्या मार्चमध्ये वेस्ट इंडीजच्याच दौऱ्यावर ब्रिजटाउनला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. ते जिवावरचं दुखणं होतं. काही दिवसांतच कसोटी होती, आणि वयाची जेमतेम २१ वर्षं पूर्ण केलेल्या पतौडींना नेतृत्व करावं लागलं. त्या संघात पॉली उम्रीगर होते, आधी भारताचं नेतृत्व केलेले. ते या पोराच्या हाताखाली खेळले. पुढच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात पाच गडी बाद केले आणि दुसऱ्या डावात नाबाद १७२ धावा काढल्या. भारत तरीही हरला. मालिकेतले पाचही सामने हरला. म्हणून उम्रीगरांचं वागणं कमी मोलाचं ठरत नाही.

अलीकडचं उदाहरण सर्वांना आठवत असेल. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. विराट कोहली मुलीच्या जन्मासाठी मायदेशी परतणार होता आणि २६ डिसेंबरला मेलबर्नची कसोटी होती. नेतृत्व अजिंक्य रहाणेकडे आलं, मूळचा संगमनेर तालुक्याचा आणि डोंबिवलीत वाढलेला. ३६ धावांनंतर कुणीही फलंदाज वाढवले असते. या संघाने कोहलीच्या जागी रवींद्र जडेजाला, म्हणजे एका अष्टपैलूला घेतलं. यष्टीमागे ऋद्धिमान साहाच्या जागी ऋषभ पंत आला, शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज पहिल्यांदा कसोटी खेळले. रहाणेने ११२ धावा केल्या आणि भारताने ८ गडी राखून सामना जिंकला. सिडनी वाचवलं. ज्या ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरलं नव्हतं, तिथे १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचा पाठलाग पूर्ण झाला.

मला त्या मालिकेतले दोन धावबाद एकत्र आठवतात. ॲडलेडच्या पहिल्या डावात कोहली ७४ वर चांगला स्थिरावलेला असताना रहाणेने धावेसाठी हाक दिली, मग परत फिरला, आणि कोहली धावबाद झाला. मेलबर्नला ११२ वर खेळणारा रहाणे जडेजाने घेतलेल्या धावेत बाद झाला. परतताना तो वाकडा चेहरा करून गेला नाही. जडेजाला त्याने पाठीवर थाप दिल्यासारखं खुणावलं, खेळत राहा. नव्या कर्णधाराचा स्वभाव संघाला त्या एका क्षणात कळला असणार. भाषणातून तो कळला नसता. फेब्रुवारीत चेन्नईला इंग्लंडविरुद्धची मालिका सुरू झाली तेव्हा कोहली कर्णधार होता आणि रहाणे उपकर्णधार. मालिका जिंकून देणारा माणूस मुकाट्याने दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला, आणि कुणालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. बदल तात्पुरता आहे हे आधीपासून उघड होतं. जिथे सगळं उघड असतं तिथे अपमानाला जागा कमी राहते.

क्वार्टरबॅकच्या खेळातही असंच एक प्रकरण आहे. ८ जानेवारी २०१८ रोजी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा अंतिम सामना अलाबामा आणि जॉर्जिया यांच्यात अटलांटाला झाला. मैदान नावाला तटस्थ, पण अटलांटा जॉर्जिया राज्यातच. मध्यंतराला अलाबामा १३-० ने मागे होतं. प्रशिक्षक निक सेबन यांनी दोन हंगामांत दोनच सामने हरलेल्या जेलन हर्ट्सला बसवलं आणि टुआ टॅगोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. अलाबामा जादा वेळेत २६-२३ ने जिंकलं. हर्ट्स कडेला उभा राहून त्याच पोराला हुरूप देत होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी. या वेळी टुआ जखमी झाला, संघ मागे होता, आणि हर्ट्सने उतरून सामना ३५-२८ असा जिंकून दिला. पुढे २०२५ मध्ये तो व्यावसायिक फुटबॉलमधल्या सर्वोच्च सामन्यात, सुपर बोलमध्ये, विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक होता. जानेवारीतल्या मध्यंतरात त्याला दुखावून बाहेर घालवलं असतं, तर डिसेंबरमध्ये बाकावर कोण असतं?

व्हॉलीबॉलच्या नियमांत हे शहाणपण कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. सुरुवातीच्या सहांतला खेळाडू सेटमध्ये बाहेर गेला तर तो परत येऊ शकतो, पण एकदाच, आणि ज्याने त्याची जागा घेतली त्याच्याच जागी. म्हणजे एकदा बदल झाला की त्या सेटपुरते ते दोघं एकमेकांना बांधले जातात. एकाची वाट दुसऱ्यातून जाते. फुटबॉलमध्ये, आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये, बाहेर आलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपला. व्हॉलीबॉल त्याला उभा ठेवतो. आणि भत्त्याच्या यादीतही मी कधी खेळलेले आणि न खेळलेले असे दोन रकाने पाहिले नाहीत. संघात बारा असतील तर बाराही जण सारख्याच रकमेपुढे सही करतात.

आमच्या सामन्यातही बाकावरच्याची पाळी आली. दुपारी उशिरा खेळ सुरू झाला तेव्हा वारा होता, मैदानाच्या दोन्ही बाजूंना गावातली माणसं उभी होती, आणि आमच्या प्रत्येक सर्व्हिसला हलगी वाजत होती. परगाव म्हणजे नुसतं अंतर नसतं. घरी चूक झाली की कुणीतरी “चल, होतं” म्हणतं. परगावी चूक झाली की शंभर माणसं हसतात, आणि पुढचा चेंडू त्या हसण्यासकट उचलावा लागतो. धाकट्याचे पहिले काही चेंडू थरथरलेले होते. मग तो सावरला. खाली ठेवलेल्या त्याच्या चेंडूंवर पहिले दोन सेट आमचे झाले. तिसऱ्यात यजमानांना अंदाज आला. त्यांचा ब्लॉक आधीच मध्ये उभा राहू लागला आणि तो सेट त्यांनी घेतला. चौथ्यात दिवस कलला, वारा पडला, आणि सरांनी मोठ्याला आत पाठवलं. आत जाताना त्याने धाकट्याच्या तळहातावर तळहात मारला आणि कानात काहीतरी सांगितलं. त्याचे उंच चेंडू आता जिथल्या तिथे राहत होते. आम्ही बरोबरीत आलो, पण सेट हातून निसटला. पाचवाही गेला.

परतल्यावर कॉलेजने निकाल लावला: बदल नडला. काही जण म्हणाले, मोठ्याला सुरुवातीपासून ठेवायला हवं होतं. काही म्हणाले, चौथ्या सेटला धाकट्याला काढायला नको होतं. एकाच पराभवातून दोन उलट धडे निघाले आणि दोन्ही बाजू ठाम होत्या. सरांनी कुणाशी वाद घातला नाही. कर्मचारी कक्षात कुणीतरी टोकलं तेव्हा एवढंच म्हणाले, “निर्णय माझा होता, पोरांना काही विचारू नका.” मला वाटतं, त्या वाक्याने दोन्ही पोरं वाचली. ज्याला काढलं त्याच्यावर नालायकीचा शिक्का बसला नाही, ज्याला घेतलं त्याच्यावर पराभवाचं ओझं आलं नाही. अधिकार वापरणारे खूप असतात. वापरल्यावर त्याची किंमत स्वतः भरणारे मोजके.

प्रत्येक वेळी शेवट असा गोड होत नाही, हेही लिहिलं पाहिजे. ज्याला बाजूला केलं त्याच्यासाठी दार पुन्हा उघडेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. आपल्या शहरात जन्मलेला वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून कसोटी खेळला. भारत ती कसोटी जिंकला. पण पुढच्या कसोटीत तो नव्हता, आणि नंतरही कधी नाही. हर्ट्सला परतीचा डिसेंबर मिळाला म्हणून सगळ्यांना मिळतो असं नाही. मराठवाड्याच्या खेळाडूला तर हे जास्तच लागू आहे. पैठणच्या अंकित बावणेने महाराष्ट्राचं नेतृत्व केलं खरं, पण इथल्या बहुतेक पोरांचा प्रत्येक मोठा सामना परगावचाच असतो. पुणे, मुंबई, नाहीतर त्याही पलीकडे. तिथे एक संधी मिळते, एक दिवस वाईट जातो, आणि परतीच्या गाडीचं तिकीट हातात पडतं. ज्यांची संधी इतकी अरुंद, त्यांना काढताना दोन वाक्यं बोलण्याइतका वेळ तरी निवडणाऱ्याने काढायला हवा.

मला यातून दिसतं ते एवढं. सामन्याआधी निवडणाऱ्याला फार थोडं ठाऊक असतं. मैदान, वारा, समोरचा संघ, आपल्या माणसांचे हात. त्यावरून तो अंदाज करतो. अंदाज चुकू शकतो, आणि बरोबर ठरला तरी त्यात त्याच्या शहाणपणाचा वाटा किती नि नशिबाचा किती हे कधी कळत नाही. पण एक भाग पूर्णपणे त्याच्या हातात असतो: ज्याला बाजूला करायचं त्याला स्वतः सांगणं, इतरांकडून कळायच्या आधी सांगणं, कारण खेळातलं देणं, आणि त्याच्यासाठी काहीतरी खरं काम ठेवणं. नुसती समजूत घालणं नव्हे. बसमध्ये त्या पोराने जे शिकवलं ते दिलाशासाठी दिलेलं काम नव्हतं. संघाला त्याची गरज होती. म्हणून तो चौथ्या सेटला उठला तेव्हा त्याचे हात तयार होते.

संघाची यादी फलकावर लागली की आपण सगळे विचारतो, याला का काढलं. या प्रश्नाला सामना होईपर्यंत उत्तर नसतं आणि झाल्यावर ते सगळ्यांकडेच असतं. त्याऐवजी, त्याला कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं आणि काय काम देऊन सांगितलं, हे विचारलं तर निवड कशी होती ते गाडी सुटायच्या आधीच समजेल.